वत्सला सुईणीचा ताप

जुन्या हुबळीतल्या त्या बोळात तिशी-पन्नाशीतलं कुणीही भेटो, त्याची नाळ बहुतेक वत्सलाक्कानंच कापलेली. एकदा चौकात एका पोलिसानं तिला हटकलं, तर ती म्हणाली, "तू पायाळू आलेला. तुझ्या आईनं त्या दिवशी किती शिव्या घातल्या, ते सांगू का इथं सगळ्यांसमोर?" पोलिसानं स्वतः हात धरून तिला रस्ता ओलांडून दिला.

आता वत्सलाक्का एकाहत्तरची. बाळंतपणं सगळी दवाखान्यात होतात. पण बाळ-बाळंतीण घरी आली की न्हाऊ घालायला अजून तिलाच बोलावणं येतं. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं, कढत नाही आणि कोमटही नाही असं पाणी घालायचं. हे पाणी तिच्या कोपराला कळतं.

शेजारच्या अनुसयेला नातू झाला, तेव्हा ती भिंतीपलीकडूनच ओरडली, "अक्का, सोमवारी डॉक्टर बेंबी बघून जातील. मंगळवारपासून नातू तुझ्या पायांवर. माझ्या प्रवीणला तूच न्हाऊ घातलंस, त्याच्या पोरालाही तूच घालायचं."

"घालते की," वत्सलाक्का म्हणाली. पण घरात येऊन खाटेवर बसली आणि तळहात उलटेसुलटे करून बघत राहिली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि सगळा बोळ घागरी घेऊन भांडायला उभा राहायचा. अशाच एका सकाळी पोटुशी अनुसया चार बायकांत वत्सलेला म्हणाली, "सरक तिकडं. कुणाकुणाच्या रक्तात घातलेले हात ते, माझ्या घागरीला नको लावू." तेव्हा अनुसया तिशीची, पदरात दोन वर्षांचा प्रवीण, जिभेला हाड नसलेली. वत्सला घागर उचलून घरी गेली. मिरजेकडून आलेल्या ख्रिस्ती घराण्यातली ती. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, रोज प्रार्थना म्हणणारी. त्या रात्रीही तिनं ती म्हटली, आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, या ओळीसकट.

दोन महिन्यांनी भर दुपारी अनुसयेचा नवरा हणमंत पळत आला. "वैनी, चला लवकर, कळा सुरू झाल्या." वत्सला चुलीपाशी धडधाकट बसलेली. तिनं डोक्याला फडकं गुंडाळलं, खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, "अंगात ताप आहे हो, उठवत नाही." रिक्षा मिळेपर्यंत तास गेला. दवाखान्यात मुलगी झाली, गळ्याला नाळेचे दोन वेढे. अर्धा तास जगली.

गळ्याचा वेढा बोटानं सोडवणं वत्सलेला रोजचं होतं. दहा-बारा वेळा सोडवला असेल.

आणि तिसऱ्या दिवशी, रिकाम्या कुशीनं घरी आलेली अनुसया दारात उभी राहून काय म्हणाली असेल? "अक्का, ताप उतरला का? नळावर मी नको ते बोलले. देवानं मला शिक्षा केली." हातात पेजेची वाटी. वत्सलेनं ती वाटी घेतली. पेज प्यायली. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या.

तापाचं खोटं कुणालाच माहीत नव्हतं. वत्सलेनं मात्र त्यावर पुष्कळ औषधं करून पाहिली. चाळीस दिवसांचे उपवास धरले. मैदानावर मांडव घालून बाहेरगावचे प्रचारक आले, ज्यांना नवा जन्म पाहिजे त्यांनी हात वर करा म्हणाले, तर हिनं तीन संध्याकाळी ओळीनं हात वर केला. तिसऱ्या दिवशी नावं लिहून घेणारी पोरगी म्हणाली, "आजी, तुमचा कालच झाला की!"

बोलावणं आलं त्या आठवड्यातही बुधवारी दुपारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची सभा होती. शाळेतून निवृत्त झालेल्या मेधाताई शिकवायच्या. धडा नेमका तोच. एक मोठा विद्वान म्हातारा रात्रीचा येशूकडं आला. पुन्हा जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही, असं ऐकल्यावर त्यानं विचारलं, की म्हाताऱ्यानं आईच्या पोटात परत शिरायचं तरी कसं?

सगळ्या बायका वत्सलाक्काकडं वळल्या.

"नाही शिरत," वत्सलाक्का म्हणाली. "एवढं मी खात्रीनं सांगते. विद्वान असला तर मुळीच नाही, डोकं मोठं असतं."

हसणं ओसरल्यावर मेधाताईंनी विचारलं, "बरं, तुम्ही एवढे जन्म पाहिलेत. जन्माला येताना बाळ काय करतं?"

"ते काय करणार? कळा आई सोसते. धावपळ सुईण करते. बाळानं आडवं येऊन बसू नये, एवढंच."

"मग येशू त्या म्हाताऱ्याला तेच सांगतोय की. हा जन्म आपण कष्टानं घ्यायचा नसतो. तो वरून, आत्म्याकडून मिळतो. त्याच्या कळा दुसऱ्यानं सोसलेल्या असतात."

वत्सलाक्काच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ती आपल्याच बाळंतपणात आपणच सुईण होऊन धावत होती. उपवास काय, हात वर काय.

मेधाताई पुढं मागच्या काळातल्या एका संदेष्ट्याकडं गेल्या. त्याचं नाव वत्सलाक्काच्या तोंडात काही बसेना. येशूच्या कितीतरी आधीचा तो. त्याचे लोक बाबेलला कैद करून नेलेले. आमची हाडंसुद्धा वाळून गेली, आता काय उरलंय, असं म्हणत बसलेले. त्याला देवानं वाळक्या हाडांचं अख्खं खोरं दाखवलं, आणि त्या हाडांत वारा भरून माणसं उभी केली. त्याच लोकांना देवाचा निरोप होता, की तुमच्या छातीतला दगड मी काढीन, तिथं मांसाचं काळीज बसवीन, माझा आत्मा तुमच्यात घालीन. तुमची लायकी म्हणून नाही, माझ्या नावासाठी.

सभा संपली. चपला शोधता शोधता वत्सलाक्कानं विचारलं, "मेधाताई, एखादीनं जन्मभर प्रार्थना केली आणि तरी आत जुनं काही सलतच राहिलं, तर तिला ते नवं काळीज मिळालंच नाही म्हणायचं?"

मेधाताईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. कोण एखादी, हे विचारलं नाही. "तो संदेष्टा क्रम कसा लावतो बघा," त्या म्हणाल्या. "आधी नवं काळीज. आणि त्यानंतर सांगतो, की मग तुम्हाला तुमची वाईट कामं आठवतील आणि तुमची तुम्हालाच किळस येईल. मग, म्हणजे नंतर. दगडाला कुठं काय सलतं, अक्का?"

घराशी आली तर अनुसया ओट्यावर बाळाची दुपटी घडी करत बसलेली. "काय शिकवलं आज सभेत?"

"पुन्हा जन्म घ्या म्हणाले."

"घ्या की! आमच्यात तर चौऱ्यांशी लक्ष सांगितलेत. तुमचं एकातच भागतं होय?"

"एकातच. पण तो मरायच्या आधी घ्यायचा."

"अय्यय्यो! मग अवघड आहे," अनुसया म्हणाली आणि दुपटं झटकलं.

सांगायचं तर हीच वेळ होती. वत्सलाक्कानं तोंड उघडलं आणि "लंगोट उन्हात वाळव, सावलीत नको," एवढं बोलून घरात गेली.

मंगळवारी सकाळी न्हाणीत पाट मांडलेला. सून सोनाली आतल्या खोलीत निजलेली. अनुसयेनं बाळ पुढं केलं. वत्सलाक्कानं हात पुढं केले नाहीत.

"अनुसये, आधी ऐक. मग बाळ द्यायचं की नाही ते ठरव. त्या दिवशी मला ताप नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"हणमंत बोलवायला आला, त्या दिवशी. नळावर तू बोललीस ते माझ्या मनात होतं. फडकं बांधून मी खोटंच पडून राहिले."

अनुसयेनं बाळ छातीशी घट्ट धरलं. तिचा चेहरा आधी काही कळलंच नाही असा, आणि मग हळूहळू कळल्यासारखा.

"तू माझी पेज प्यायलीस," ती म्हणाली.

"प्यायले."

"जा तू अक्का."

वत्सलाक्का गेली. पेज प्यायल्याचं तिला स्वतःलाही आजवर एवढं लागलं नव्हतं. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटलं नाही. हात-पाय मोडून आल्यासारखे झाले. फक्त खोटं पांघरून बसायचं उरलं नव्हतं. जे होतं ते उघड्यावर, थंडीत.

बुधवारी भिंतीपलीकडं बाळ ओरडत होतं. पाणी कढत असणार. गुरुवारीही ओरडलं. साबण डोळ्यांत गेला असणार. वत्सलाक्का भिंतीला हात लावून उभी राहायची आणि परत बसायची. बोलावल्याशिवाय जायचा आपला हक्क आता संपला, हे तिला पुरतं समजलं होतं.

शुक्रवारी अनुसया दारात आली. तीन रात्री झोपली नसावी.

"माफ केलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "म्हणेन की नाही, ते पण ठाऊक नाही. तू सांगितलं नसतंस तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. का सांगितलंस?"

"तुझं बाळ हातात घ्यायचं होतं. तशा हातांनी घेववेना."

अनुसया उंबऱ्यावरूनच मागं वळली. "पाणी तापलंय. चल."

वत्सलाक्का पाटावर बसली, पाय लांब केले. अनुसयेनं बाळ नडग्यांवर ठेवलं, पण ती आत गेली नाही. न्हाणीच्या दारातच बसली, डोळे न हलवता. बाळाची मान दोन बोटांत धरून वत्सलाक्कानं तेल चोळायला घेतलं. बाळ कुरकुरलं, मग सैल पडलं.

"अक्का."

"हं."

"तिच्या गळ्यातला वेढा तुला सुटला असता?"

वत्सलाक्काचा हात थांबला. आता खोटं बोलली असती तर ती दया ठरली असती.

"बहुतेक सुटला असता," ती म्हणाली. "नक्की सांगता येत नाही. पण बहुतेक सुटला असता."

अनुसयेनं डोळ्यांना पदर लावला. रडली, मोठ्यानं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या मुलीसाठी. पाटावर बसलेली वत्सलाक्काही रडली. हात तेलाचे, डोळे पुसायचे कशानं? थोड्या वेळानं अनुसयेनं नाक ओढलं, हंड्यातून तांब्या भरला, स्वतःच्या कोपरानं पाणी बघितलं आणि तिच्या हातात दिला.

"घाल लवकर," ती म्हणाली. "गारठेल पोर."