अडुळशाविरुद्धचा अर्ज

कचेरीच्या आवारात, अर्जनवीस म्हणून मी बसतो त्या टेबलामागे मी लावलेला अडुळसा पुरुषभर उंच झाला होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि अर्जलेखनात माझा हात धरणारा जालन्यात दुसरा नव्हता, हे नम्रपणे नमूद करतो. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येत. त्या हिवाळ्यात शिंजिराच्या जोडीने, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या अंगठ्याएवढ्या पाखरांनी, आतल्या फांदीला घरटे टांगले. त्यात मी फाडून टाकलेल्या कागदांचे कपटेही होते.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा बोर्ड मात्र झाकला गेला. एके सकाळी तो समोर येऊन बसला.

"काका, हे झाड काढायचा अर्ज लिहून द्या."

"माझ्याच झाडाविरुद्ध मी लिहू?"

"दुसऱ्याकडं गेलो असतो तर तुम्हीच म्हणले असते, शेजारी असून इचारलं न्हाई. अन् तुमच्यावानी बराबर कोन लिहितंय?"

समोर बसलेल्या पक्षकाराला मी कधी परत पाठवलेले नव्हते. मोघम लिहावे असे मनात होते, पण लेखणी ऐकेना. 'सदर झुडुपावरील मधमाश्यांमुळे अभ्यागतांच्या जीवितास गंभीर धोका आहे' हे वाक्य इतके भक्कम उतरले की खोडवेना. वास्तविक तेथे आजवर कोणालाही माशी चावलेली नव्हती. खाली प्रथेप्रमाणे अर्ज लिहिणारा म्हणून माझी सही.

आठवड्यात कचेरीतल्या साहेबांचा आदेश आला: ज्याने झुडूप लावले त्यानेच ते तीन दिवसांत काढावे. घरट्यात तेव्हा दोन पिल्ले चोची उघडून बसलेली होती.

मुदत मागण्यास अर्ज हवा. 'मधमाश्या निरुपद्रवी आहेत' एवढे लिहिले आणि थांबलो. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? अक्षर एकच, सही एकच. त्यातला एक खोटा ठरला की माझ्या हातच्या साऱ्याच अर्जांवर संशय. दोन दिवस मी लिहिले आणि फाडले. मागे शिंजिराची मादी चोचीत किडे घेऊन ये-जा करीत होती.

तिसऱ्या दिवशी फाटकाजवळ कॉम्प्युटरवर अर्ज करून देणाऱ्या बाईंच्या रांगेत उभा राहिलो. त्यांना मी कधी अर्जनवीस मानलेच नव्हते.

"काका, तुम्ही हिकडं?"

"मुदतीचा अर्ज करा."

"कारण काय टाकू?"

"घरट्यात पिल्लं हायेत. उडेपर्यंत थांबावं."

"अन् मधमाश्यांचं? तो कागद तर तुमच्याच हातचा हाय ना?"

मागच्या रांगेतली माणसे ऐकायला पुढे वाकली.

"ते खोटं लिहिलं मी," म्हणालो. "तेही टाका."