जंगलाच्या तयारीतले चार किलो

मलेशियातल्या जंगलात पायी हिंडायचं म्हणून वजन कमी करायला निघालो आणि महिन्याभरात चार किलो वाढवून बसलो.

आता तुम्ही म्हणाल, रिटायर कंडक्टरला मलेशियाच्या जंगलाशी काय करायचंय? बरोबर आहे तुमचं. मी जन्मभर एसटीत. 'चला, मागं सरका, मधी मोकळं आहे' हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आमची ही म्हणायची, झोपेतसुद्धा मी तिला भिंतीकडं सरकवतो. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. आता पलंगावर मोकळंच मोकळं आहे. ज्यानं गर्दीशिवाय कधी श्वास घेतला नाही, त्याला देऊळघाटच्या घरात बोलायला उरला एक पंखा. (तोही लाईन असली तर!) खोटं कशाला बोलू, घर खायला उठतं.

अशात प्रवीणचा फोन आला. प्रवीण म्हणजे माझा एकुलता एक मुलगा, मलेशियात नोकरीला असतो.

"बाबा, तुमचं तिकीट काढून राह्यलो. आपण सगळे जंगलात जाऊ, गाईडसोबत, पायी. चिनू म्हणते, मी आबांसोबतच तंबूत झोपणार!"

चिनू माझी नात. तिला मी आजवर मोबाईलच्या काचेएवढीच पाहिलेली. मी लगेच म्हटलं, "हाव! आजच निघतो!"

"आज नाही हो! पुढच्या महिन्यात. पण गाईड लय कडक आहे. पाठीवर पिशवी घेऊन न थांबता दहा किलोमीटर चालता आलं पाह्यजे, अन् वजन थोडं उतरवा. तो व्हिडिओवर पाहून घेईन. नाही जमलं तर तुमचं येणं पुढं ढकलावं लागते बाबा."

पुढं ढकलणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी बरीच येणीजाणी अशी पुढं ढकललेली पडून आहेत. मी मनाशी म्हटलं, आता मरण आलं तरी बेहत्तर, पण चालायचं!

आठवड्यात प्रवीणचं पार्सल आलं. घोट्याच्या वरपर्यंत बूट, रेनकोट, मच्छरांची जाळी लावलेली टोपी आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे. (मोजे जळवांसाठी. म्हणजे जळवांनी घालायचे नाहीत, आपण घालायचे.) वर सूचना अशी की तिथं पाऊस केव्हाही येतो, तेव्हा सगळं अंगावर चढवूनच सराव करा. इकडं चैत्राचं ऊन आणि गावात टँकर! पिशवीत वजनाला तूरडाळ भरली आणि रेनकोट घालून दाराबाहेर पडलो. समोरच्या कौसल्यावहिनी अंगण झाडत होत्या. त्यांच्या हातातला झाडू तिथंच थांबला.

"काऊन हो भाऊजी, घर सोडून चालले का? कोनाशी भांडन झालं?"

"कोनाशी करू वहिनी? भांडायले घरात मानूस लागते!"

पहिल्या दिवशी बुलढाण्याच्या रस्त्यानं जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असेन, तर मागून एसटी आली आणि कचकन ब्रेक लागला. स्टिअरिंगवर रशीदभाई, माझा जुना जोडीदार.

"अरे कंडक्टरसाब! एसटी असताना पैदल? नाक कटवाओगे क्या हमारी? चढो!"

"रशीदभाई, मी सराव करून राह्यलो..."

"चढो म्हणतो ना!"

मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. चढलो. पहिल्या दिवशीचा सराव खिडकीजवळ बसून, गार वारा खात पार पडला.

दुसऱ्या दिवसापासून एसटीची वेळ टाळून निघू लागलो, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. रामनवमी जवळ आलेली. आमच्या भागात त्या दिवसांत पाठीवर पिशवी घेऊन पायी चाललेला माणूस दिसला, की तो शेगावलाच निघालाय यात कोणाला शंका नसते. आणि शेगावच्या पायी माणसाला उपाशी पुढं जाऊ देणं म्हणजे महापाप!

रस्त्याकाठच्या मळ्यातून एक बाई तांब्या घेऊन धावत आली. रुक्माबाई तिचं नाव, हे नंतर कळलं.

"थांबा बाप्पा! महाराजाच्या दर्शनाले चालले ना?"

"नाही हो बाई, मी मलेशियाले चाललो."

"हाव हाव," ती समजूतदारपणे म्हणाली. "पुन्याचं काम सांगत नसतेत कोनाले. बसा, रोडगे झालेच हायेत!"

गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वर तूप. नको म्हटलं तर ती म्हणाली, "चालनाऱ्या मानसानं नाही म्हनू नाही." तेवढ्यात तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं माझे बूट ओढून काढले, लांबच लांब मोजे पाहून "अरारा, किती फोड आले असतीन" म्हणत हळहळला आणि पाय गरम पाण्यात बुडवले. फोड एकही नव्हता. पण त्याचा हिरमोड नको म्हणून मी थोडं कण्हलो.

मग मी डोकं लढवलं. (हा माझा जुना आजार.) म्हटलं, उलट्या बाजूनं चालावं. रिक्षानं बुलढाण्याला जायचं आणि तिथून गावाकडं पायी यायचं. शेगावकडं पाठ केलेल्या माणसाला कोण अडवणार? तर रुक्माबाईनं लांबूनच आरोळी ठोकली, "मामंजी, पळा! भाऊ दर्शन करून आले!" आता तर सगळं घर पाया पडलं आणि रोडग्यांसोबत शिराही आला!

खरं म्हणजे मला वैताग यायला हवा होता. पण रुक्माबाई ताट वाढता वाढता विचारायची, "घरी कोन कोन हाये हो भाऊ?" तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीतच आहे ना. मी सांगत बसायचो, हिच्याबद्दल, प्रवीणबद्दल, चिनूबद्दल. ती ऐकायची, आणि ऐकता ऐकता आणखी एक रोडगा वाढायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. आधी किराणा दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. प्रवीण फोनमधून म्हणाला, "काटा खराब असंन, बाबा."

"नवा हाये," दुकानदार म्हणाला.

मग फोन छातीशी बांधला. पलीकडं प्रवीण, चिनू आणि दगडासारखा चेहरा केलेला गाईड. ठरवलं, आज थांबायचंच नाही. मळा आला तसा मी पळत सुटलो. रुक्माबाई ताट घेऊन मागं! सासरा तिच्या मागं! त्यांचं कुत्रं सगळ्यांच्या पुढं! माझा वेग पाहून गाईड पहिल्यांदाच खूश झाला म्हणे. तेवढ्यात कुत्र्यानं रेनकोट धरला, मी बसलो, आणि सासऱ्यानं आल्या आल्या बुटालाच हात घातला.

"बाबा, गाईड विचारते, तुम्ही तिकडचे साधू आहात का?" प्रवीणला हसू आवरेना. मग एकाएकी हळू आवाजात म्हणाला, "मले तर वाटे, तुम्ही तिथं एकटेच असता."

"एकटाच असतो बे. म्हनून तर रोज चालतो."

हे तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही. पलीकडं प्रवीण चष्मा पुसू लागला. गाईडनं मला नापास केलं.

"जाऊ द्या बाबा," प्रवीण म्हणाला. "चिनूले आता तुमचाच रस्ता चालायचा आहे. दिवाळीत आम्हीच येतो."

येईलही. मागच्या दिवाळीलाही येणारच होता.

रामनवमी कधीच होऊन गेली. मी शेगावला जात नाही, हे आता रस्त्यावरच्या पोट्ट्यांनाही ठाऊक आहे. तरी रुक्माबाई मळ्यातून ओरडते, "ओ मलेशिया! या, चहा झाला!" आणि मी सराव सोडलेला नाही. अजूनही रेनकोट, बूट, पिशवी अशा पूर्ण थाटात निघतो. फक्त पिशवीत आता तूरडाळ नसते. रिकामा डबा असतो, रात्रीच्या जेवणाचा!