पडदा पडल्यावरचा विलाप

पन्नासच्या दशकाअखेर आई गेली, तेव्हा मी बसवनगुडीतल्या एका नृत्यनाटिकेला संगीत देत होतो. मुलाला वनवासाला धाडणाऱ्या आईच्या प्रवेशासाठी मी व्हायोलिन आणि चेलोंचा विलाप बांधला. माझं सगळं रडणं त्यात ओतलं. कानडी नृत्यगुरूंनी तो डोळे मिटून ऐकला आणि ते म्हणाले, “सरी अण्णा, ठीक आहे, हा विलाप पडदा पाडून वाजवू. नायिकेला साडी बदलायला वेळ हवाच आहे.”

प्रयोगात पडदा पडला, दिवे लागले, विलाप सुरू झाला आणि सगळे मेले प्रेक्षक कॉफीला उठले. तो संपत आला तोच पडद्याआडून गुरू ओरडले, “स्वल्प वाढवा, निऱ्या बसत नाहीत!”

वाढवला. त्या संध्याकाळी निऱ्या बसेपर्यंत माझी आई पुन्हा पुन्हा मरत राहिली.