गयाबाईला गोड लागलेला पाला

"अक्का, पाला गोड लागायलाय," गयाबाई म्हणाली आणि पारावर जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. कडुलिंबाचा पाला होता तो. साप चावलेल्या माणसाला आमच्याकडं तो चावायला देत. कडू लागला तर इख चढलेलं नाही, कडू लागला नाही तर माणूस हातचा गेला, अशी समजूत. माझ्या सासूनं तिथंच तोंडाला पदर लावला. गयाबाई माझी धाकटी जाऊ, तेव्हा विशीतली. सकाळी कडब्याच्या गंजीतून पेंडी ओढताना तिच्या मनगटाला साप चावला होता. दीर झरीला जीप आणायला पळाले होते आणि मी तिचा हात धरून बसले होते. हात गार पडला होता. बोटं आत वळून ताठ झाली होती. सरळ करू गेले तर होईनात. छाती भात्यासारखी चाललेली. "माझ्या दत्ताला तुमी बघा," एवढं म्हणून तिनं डोळे मिटले. दत्ता तिचा मुलगा. अंगावर पिणारं पोर, ते माझ्याच मांडीवर रडत होतं.

तेवढ्यात आमचे मालक काठीवर साप घेऊन आले. गंज उपसून त्यांनी तो मारला होता. लांबलचक, पिवळसर. "आरं, धामण हाय! हिला कुठलं इख?" ते लांबूनच ओरडले. गयाबाईनं डोळे उघडले. "दावा मला," म्हणाली. बाजारात वांगी बघावीत तसा तिनं तो साप उलटापालटा बघितला. मग उठून बसली आणि पाला थुंकली. "थू! लय कडू हाय की ह्यो!" माणसं हसायला लागली. सासूचं रडं जागच्या जागी रागात गेलं. "मेली, सोंगं करायलीवती!"

सोंग नव्हतं ते. ती बोटं माझ्या हातात होती.

इथंच सांगून ठेवते, साप चावला तर पाला चावत बसू नये, दवाखाना गाठावा. धामण निघाली हे आमचं नशीब.

गयाबाईला जाऊन आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारी माणसं सांगतात, ती फार मायाळू होती, तिच्या हातचे धपाटे काय सुंदर. मायाळू होती, पण भांडायचीही तितकीच. वाटणी झाली तेव्हा आम्ही एकमेकींचं तोंड पाहत नव्हतो. धपाट्यांत मीठ जास्त पडायचं. मला तिची आठवण येते ती त्या पाल्यापायी, कारण ते कोडं आम्हा दोघींना कधी सुटलं नाही. शेंगा फोडत बसलो की तीच विषय काढायची. "अक्का, खरंच गोड लागला का वो मला?" "मला काय इचारतीस? तोंड तुझं." "गुळावानी न्हाई... पन कडू न्हवता, बघा." पाडव्याला सगळे त्या पाल्याचं एखादं पान खातात, ही मूठभर खायची आणि माझ्याकडं बघून मान हलवायची. "आज कडूच हाय." मी म्हणायचे, "मग आज मरत न्हाईस. चल, पोळ्या लाटू लाग."

गेल्या साली ती वाळायला लागली. पोट दुखायचं, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. दत्तानं तिला परभणीला दाखवलं. पोटात कॅन्सरची गाठ निघाली, पसरलेली. दुखणं कमी करायची औषधं तेवढी देता येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. दत्तानं घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, आईला काही कळू द्यायचं नाही. पित्त झालंय म्हणायचं. मला म्हणाला, "मोठी आई, साध्या धामणीनं मरायलीवती ती. कॅन्सर म्हणलं तर जागच्या जागी जाईल." त्याचं म्हणणं मला पटलं. मीही पित्तच म्हणू लागले.

पण गयाबाईचं वागणं बदललं. ताट-तांब्या वेगळा ठेवला. बाज ओसरीच्या टोकाला नेली. दत्ताची नात, नुकती चालायला लागलेली, पणजीकडं धावत आली की ही काठी आडवी धरायची. भाकरी चतकोर खायची. आणि एक गोष्ट मला फार नवल वाटायला लावणारी... ती खोकायला लागली. चांगला छातीतून खोकला. पोटातली गाठ आणि हा खोकला कुठून आला? एक दिवस मी बाजेवर जाऊन बसले तर म्हणाली, "लांब बसा अक्का. मला क्षय झालाय. माझ्या आईला झालता तवा तिलाबी समदे पित्तच म्हनायचे."

मी दत्ताला गाठलं. "तिला सांगून टाक." "अन् ऐकून गेली म्हंजी?" "जानारच हाय ती. पन आता भलत्याच रोगानं मरायलीय." तो चिडला. "तू धामणीचं धरून बसलीस. तवा नाग निघाला आसता तर?" शेवटी तिला घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडं गेलो. तिला बाहेर बसवून मी आधी त्यांना पारावरची गोष्ट सांगितली. त्यांनी खुर्ची पुढं ओढून ऐकली. म्हणाले, "भीतीनं श्वास भराभर चालला की बोटं अशी आखडतात, आजी. खरोखर आखडतात." "अन् पाला गोड कसा लागला?" ते हसले. "ते मला नाही सांगता यायचं." खोकल्याचं म्हणाले, छाती तपासली होती, स्वच्छ आहे. सांगावं की नाही विचारलं तर म्हणाले, "त्यांचं शरीर आहे, त्यांना कळायला हवं. पण ऐकून काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही."

मग दत्तानं तिला हाताला धरून आत आणलं. मी सांगितलं. "गया, क्षय न्हाई तुला. पोटात कॅन्सर हाय. बरा व्हायचा न्हाई." मी तिच्या बोटांकडं बघत होते. बोटं पदराशी चाळा करत राहिली. मग तिनं विचारलं, "लेकराला लागतो का ह्यो?" डॉक्टर म्हणाले, "नाही, अजिबात नाही." "नक्की?" "नक्की." ती दत्ताकडं वळली. "मग इतके दिस काय तोंडात गुळणी धरली होती, मेल्या?"

घरी आल्यावर पायसुद्धा न धुता तिनं त्या पोरीला मांडीवर घेतलं. खोकला चार-आठ दिवसांत गेला, कुठं गेला कुणास ठाऊक. झोप लागायला लागली. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. दत्ता मला म्हणाला, "मोठी आई, गाठ बसायली आसंल का?" मी म्हणाले, "येडा हायेस." गाठ बसली नाही. दुखणं गेलं नाही, पण गोळी घेतली की ती पोरीला काऊचिऊ सांगायची. पुढं तेही होईना. डॉक्टर म्हणाले होते त्याच सुमाराला ती गेली, ज्वारी काढणीला आली तेव्हा. नाव कळलं म्हणून कॅन्सरची धामण होत नाही.

मग मनानं केलं तरी काय? खोकला आणला आणि नेला. झोप नेली आणि परत आणली. गाठीला मात्र त्याचा हात लागला नाही. मनाचं राज्य कुठवर आणि तिथून पुढं शरीराचं कुठून, ती हद्द मी शोधते आहे. चौथी शिकलेल्या बाईला सापडेल असं वाटत नाही, पण शिकलेल्या डॉक्टरांनीही मला बोट ठेवून दाखवली नाही.

मागच्या आठवड्यात मला दम लागायला लागला म्हणून दत्तानं मलाही दाखवून आणलं. दवाखान्याच्या पायरीवरच त्यानं सांगितलं, "मोठी आई, तुझ्या काळजाची एक झडप खराब झालीया. आपरेशन तुला झेपायचं न्हाई." मी बरं म्हणाले. येताना आम्ही रसवंतीवर रस प्यालो, तो मला गोड लागला, आणि उसाचा रस गोडच असतो.

गयाबाई गेली. सासू, दीर, आमचे मालक त्याआधीच गेले. त्या सकाळी पारावर होतो त्यांतले घरचे दोघं राहिलो, मी आणि दत्ता.