मुकुटबनच्या लिंबांखाली ओल्या ढलप्या

छाटलेल्या फांद्या यंत्रातून बारीक करून त्या ओल्या ढलप्या तशाच झाडांखाली पसरल्या, तर झाडं तगतात की मरतात? एवढ्याशा प्रश्नासाठी मी नागपूरहून निघाले. मुकुटबनच्या माझ्या मावसबहिणीनं, शालूताईनं, परसबागेत तेच केलं होतं. विलासभाऊजींनी बजावलं होतं, उधई, म्हणजे वाळवी, दिसली की सगळं पेटवून देईन. "तू येच. माह्या एकटीचं हे आयकत नाहीत," ती फोनवर म्हणाली.

पांढरकवड्यापर्यंत हैदराबादचा हमरस्ता झकास आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या, कारण पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. नंतरचा रस्ता अरुंद. दोन्हीकडे कापूस आणि तूर.

रात्री पाटवडीचा रस्सा झाला, पण नवरा-बायको एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. लिंबाची झाडं भाऊजींनी निवृत्तीनंतर स्वतः लावलेली.

सकाळी तिघं बागेत गेलो. भाऊजींनी ढलप्यांचा थर उचकटला. खाली पांढरे धागे!

"पाह्य! म्हटलं नव्हतं म्या? उधई!"

शालूताईचा चेहरा उतरला. मी वाकून पाहिलं. किडा एकही नव्हता. हातात घेतलं तर अळंबीचा वास.

"भाऊजी, बुरशी आहे ही. लाकूड कुजवते."

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग खालची माती मुठीत दाबली. तिचा गोळा झाला.

"पाणी कवा देलतं?"

"चार दिस झाले," शालूताई म्हणाली.

चार दिवसांनीही एवढी ओल! त्यांनी तो गोळा परत जागच्या जागी ठेवला. पुढच्या झाडाशी मात्र ढलप्या थेट खोडाला टेकल्या होत्या आणि तिथली साल मऊ पडली होती. वांग्यांच्या वाफ्यात तर ताईनं त्या मातीतच मिसळल्या होत्या; रोपं पिवळी. कुजणारं लाकूड मातीतलं खत ओढून घेतं, ते असं.

"हे माह्यं चुकलं," ती म्हणाली.

"मंग वरतूनच टाकू," भाऊजी खाली बसले आणि खोडाभोवती वीतभर जागा हातांनीच मोकळी करू लागले. "काहून उभी? तिकडून तू कर."

ती बसली. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून दोघांच्या बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

घरी येऊन महिना झाला. वांगी उपटावी लागली, लिंबं ठीक आहेत, असं ताई सांगते. मीही अंगणात ढलप्या पसरल्यात. कुणी विचारलं, चांगल्या की वाईट, तर मी त्याला आधी थर उचलून खाली बघायला लावते.