खडेमीठ घातलेल्या बर्फातली नळी

बाबांच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली होती. रोग हाडांतल्या मगजापर्यंत पोचलाय का, यावर पुढचं औषध ठरणार होतं. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांना पालथं झोपवून कमरेच्या हाडातून मगज काढला. बाबांनी दुपट्टा दातांत धरला होता.

हाडाचा काडीएवढा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला, तो तिथेच तपासणार होते. रक्तासारखा दिसणारा मगज जांभळ्या झाकणाच्या नळीत भरला. ही नळी आजच्या आज नागपूरच्या लॅबला पोचवायची. कोणी? पेशंटच्या घरच्यांनी! मी काउंटरवर भांडले.

"मॅडम, ट्रेन छूट जायेगी," एवढंच उत्तर. वर एक इंग्रजी चिठ्ठी. ती मी रागानं खिशात कोंबली.

तोवर आईनं नळी थर्माकोलच्या डब्यात बंद करून दोरी बांधली होती. नवेगाव बांधची मासोळी विकण्यात तिचं आयुष्य गेलं. उन्हात माल कसा टिकवायचा, हे तिला कोणी शिकवायचं?

"नर्सबाई म्हणे, गरम होऊ देऊ नका. बर्फ कुटून टाकला, वरून खडेमीठ. मिठानं बर्फ अजून थंडा होते, नागपूरपर्यंत काई नाई होत."

गाडीत, तुमसर गेल्यावर मी चिठ्ठी उघडली. 'गोठवू नये.' ठळक छापलेलं, आणि इंग्रजीत. मासे विकणाऱ्या बाईसाठी! पण मला तर वाचता येत होतं. सही करण्याआधी वाचा, अशी पत्रकं गावोगाव वाटणारी मी. मी वाचलं नव्हतं.

दोरी तोडली, नळी उपसून तिरपी केली. आतलं लाल हललं नाही. नागपूरपर्यंत ती मुठीत धरून बसले.

लॅबमधल्या माणसानं नळी उजेडात धरली. "ताई, मशीन एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन ओळखते. पेशी जिवंत लागतात. या गोठून फुटल्या."

"हाडाच्या तुकड्यात दिसेल ना?"

"दिसेलही. पण रोग थोडाच असला तर तिथं निसटू शकतो. मगज परत काढावा लागेल."

आईला फोन लावला. "गोठली. चिठ्ठीत लिहून होतं, मीच वाचलं नाई."

ती म्हणाली, "मीठ त मीनंच टाकलं. तुया बाबाले मीच सांगीन."

फोन चालूच राहिला. ती काहीतरी पुटपुटली. मग बाबांचा आवाज आला, "मले मासोळी समजली का वो?" आणि थोड्या वेळानं, "डावीकडून काढा म्हणा आता. उजवी बाजू लय ठणकून राहिली."