दोन्ही बाजू, तोंड न उघडता

संगीताबद्दल चार गंभीर शब्द लिहावेत, असं मी कधीपासून म्हणतो आहे. पण लिहायला बसलं की गाणं बाजूला राहतं आणि ते न ऐकणाऱ्यांचेच किस्से पुढे येतात. सांडलेल्या ज्वारीसारखं आहे हे, एक दाणा उचलायला वाकावं तर चार दिसतात. तेव्हा आधी हे किस्सेच भरून ठेवतो, म्हणजे पुढे मोकळ्या जागेत गाण्याबद्दल लिहिता येईल.

हैदराबादला कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर मी मुलतानीची एक तबकडी ऐकली होती. एका बाजूला विलंबित, दुसऱ्या बाजूला द्रुत. गाणाऱ्या बाईंनी द्रुतात शेवटी अशी एक तान घेतली आहे की मी त्या दिवशी जेवायचं विसरलो. गाव घडवायचं तर आधी गावाचे कान घडवले पाहिजेत, असं मी तिथेच ठरवलं आणि हुमनाबादला परतलो तो ती तबकडी मित्राकडून मागून घेऊन, धोतरांच्या घडीत ठेवूनच.

गावात ग्रामोफोन एकच होता, तो अप्पांचा. अप्पा तुरीचे आडते. त्यांनी तो आमच्या वाचनालयात आणून ठेवला, मी फळ्यावर 'ऐकण्याजोग्या तबकड्या' असं लिहून खाली नावं मांडली, आणि बाजाराच्या दिवशी दुपारी बैठक सुरू झाली. गावात मला सगळे माझ्या पदवीवरूनच हाक मारत. दोन बैठका पाहून अप्पांनी अट घातली.

"बीए, तुमची ही माणसं ऐकायला येतात का बोलायला? ज्या दिवशी सगळे मिळून एक तबकडी, दोन्ही बाजू, तोंड न उघडता आणि जागचं न उठता ऐकतील, त्या दिवशी यंत्र वाचनालयाचं. न्हाईतर दसऱ्याला ते भालकीला जाईल, माझ्या जावयाकडं."

जावई त्यावर काय वाजवणार हे मला ठाऊक होतं. त्याला विनोदी संवादांच्या तबकड्या आवडत.

*

पहिली अडचण म्हणजे शंकरअण्णा. दुबलगुंडीचे शेतकरी, भजनात पुढे बसणारे, मनानं सोनं. पण तबकडी संपली की चिडायचे.

"संपलं? आमचे टाळ जुळायला याच्याहून जास्ती वेळ लागतो. बाईनं घसा साफ केला का गाणं म्हटलं, काईच कळंना."

मी समजावलं, की एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. म्हणून तर पुन्हा पुन्हा ऐकायची असते, दर वेळी काहीतरी नवं सापडतं. मी लगेच तीच बाजू पुन्हा लावली. शंकरअण्णांनी निम्म्यातच हात वर केला.

"नवं काय हाय ह्यात? मघा जितं वळली तितंच वळायलीय. आमचा भजनी बरा, रोज नवी चूक तरी करतो."

*

दुसरी अडचण गोविंदमास्तर. शाळेत गणित शिकवतात, पेटी वाजवतात आणि रागाच्या वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. मी फळ्यावर तोडीची एक फार सुंदर तबकडी लिहिली. मास्तरांनी ती पुसली.

"तोडी सकाळची. दुपारी वाजवायची नाही."

"मास्तर, सकाळी तुमची शाळा असते."

"मग तोडी नाही."

मी चांगलाच वाद घातला. शेवटी शंकरअण्णांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "पण मास्तर, ह्या बाईनं हे गायलं कव्हा? तिनं रातच्यालाच गाऊन ठेवलं असलं, तर आपण सकाळी ऐकून काय उपयोग?"

मास्तर विचारात पडले. मला वाटलं, आता तोडीची सुटका होईल. पुढच्या बैठकीला मास्तरांनी निर्णय दिला: गायची वेळ कळल्याशिवाय कुठलीच तबकडी वाजवू नये. त्या दिवशी आम्ही ग्रामोफोनभोवती बसून चहा प्यायलो. तो निर्णय टिकला तेवढाच.

*

अप्पांना वाटलं, तबकड्या कमी म्हणून ही भांडणं. मी हैदराबादच्या दुकानातून मागवण्यासाठी नावं दिली, त्यात मालकंसाची एक अशी होती की ऐकताना अंगावर काटा यावा. माल बीदरपर्यंत नीट आला. तिथून पुढे अप्पांनी तो आपल्या तुरीच्या गाडीवर टाकला, गोणपाटात गुंडाळून, वर पोती रचून.

गोणपाट उघडलं तेव्हा मालकंसाचे बरोबर दोन तुकडे होते. अप्पांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"बीए, तुम्हीच म्हणाला होता ना, हिला दोन बाजू असतात म्हणून?"

*

मग पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आले. निजाम सरकारच्या मुलखात दहा माणसं एका खोलीत बसली की पोलिसांना कळावंच लागतं. अमीनसाहेब दारात उभे राहिले तेव्हा नेमका तराणा चालू होता. त्यांनी कान दिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला विचारलं, "ये क्या बोलरी बाई?"

"काही नाही साहेब, तराना है. इसमें मतलब नहीं रहता."

"मतलब नई?" त्यांनी खोलीवर नजर फिरवली. एक आडत्या, एक मास्तर, बाजाराला आलेले शेतकरी. "इत्ते लोगां काम छोडको बेमतलब की चीज सुनने कू बैठे?"

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न रोज पडत होता, फक्त उलट्या अंगानं.

पुढच्या बैठकीपासून एक शिपाई येऊन बसू लागला. तोंड न उघडता, जागचं न उठता, दोन्ही बाजू ऐकणारा आमच्यात तो एकटाच. मी अप्पांना म्हटलं, निदान याला तरी धरा. अप्पा म्हणाले, "त्याला पगार मिळतो, बीए."

*

दसरा जवळ आला. मी एकेकाच्या घरी जाऊन हात जोडले. शब्द नको, पान नको, वाहवा तर मुळीच नको. सगळ्यांनी कबूल केलं, आणि खरोखर एका बैठकीत दोन्ही बाजू शांततेत पार पडत आल्या. तबकडी जुनी होती. जुन्या तबकडीच्या शेवटी गाणारी बाई आपलं नाव सांगते, तसं या बाईनं सांगितलं. तबकडी अजून फिरत होती. तेवढ्यात शंकरअण्णा सावरून बसले, हात जोडले आणि कर्ण्याकडे बघून म्हणाले, "मी दुबलगुंडीचा शंकर."

अप्पांनी मान हलवली. म्हणजे हीही बैठक गेली.

मी शंकरअण्णांवर ओरडलो. त्यांना खरंच वाईट वाटलं. "बीए, तुमी कामून ओरडायलाव? बाईमाणसानं एवढं गाऊन वर नाव सांगितलं, अन् आपण कुणीच काई सांगायचं न्हाई व्हय?"

*

राहिली शेवटची बैठक. त्या दिवशी मी ट्रंकेतली मुलतानी काढली. हरायचंच असेल तर हीच ऐकून हरू.

अप्पा म्हणाले, "आज मीच लावणार, मीच उलटणार. तुम्ही सगळे बसून ऱ्हावा." मी चावी पूर्ण दिली, नवी सुई बसवली आणि जागेवर येऊन बसलो.

पहिली बाजू. कुणी हललं नाही. मास्तरांनी पेटीवर ठेवतात तशी बोटं मांडीवर ठेवली होती. शंकरअण्णांनी उपरण्याचं टोक तोंडात धरलं होतं. शिपाई तर होताच. विलंबित संपलं, अप्पा उठले, तबकडी उलटली, सुई टेकवली, डोळे मिटले.

चावी मात्र पुन्हा दिलीच नाही.

बोललो तर यंत्र भालकीला. उठलो तरी भालकीला. मी मास्तरांकडे डोळे वटारून पाहिलं, मास्तरांनी शांत राहण्याची खूण केली. द्रुत सुरू झालं, चांगलं चाललं, आणि ज्या तानेसाठी मी जेवण विसरलो होतो ती तान बाईंनी घेतली. पण चावी उतरल्यानं तबकडी मंदावत गेली, आणि तान वर चढायच्या ऐवजी खाली येऊ लागली. बाईंचा बुवा झाला, बुवांचा रेडा झाला, शेवटी विहिरीच्या तळातून कुणीतरी कण्हल्यासारखं झालं आणि तबकडी थांबली.

कुणी बोललं नाही. कुणी उठलं नाही. बाहेर बाजारात एक बैल हंबरला तेवढाच आवाज.

मग अप्पांनी डोळे उघडले. ते ओले होते.

"बीए," ते म्हणाले, "तुम्ही सांगत होता ते आज कळलं. काय खाली उतरली हो बाई. यंत्र तुमचं."

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझा हात घट्ट दाबला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांत वर मुलतानी होती, अप्पांच्या हातानं लिहिलेली. तिचा बोलबाला झाला. पुढच्या बाजाराला मन्नाएखेळ्ळीचे लोक बैलगाडी करून आले, दुसरी बाजू ऐकायला. मी मनाशी म्हटलं, आता तरी खरी तान ऐकवतो. चावी पूर्ण दिली, सुई टेकवली. तान सरळ वर चढली, माझ्या अंगावर काटा आला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

शंकरअण्णा पुढे सरकले आणि हळूच माझ्या कानाशी लागले.

"बीए, लोक लांबून आलेत. चावी अर्धीच द्या."